मका गेला, चुना मागे राहिला

दोन पाककृती शेजारी शेजारी ठेवून पाहू या. दोन्हींचे धान्य एकच – मका.

पहिली कृती मेक्सिकोतल्या घरातली. मक्याचे एक किलो वाळलेले दाणे घ्यायचे. दोन-तीन लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरलेला चुना कालवायचा. त्यात दाणे टाकून पाऊण-एक तास शिजवायचे आणि भांडे खाली उतरवून रात्रभर तसेच झाकून ठेवायचे. सकाळी दाणे हाताने चोळले की साली सुटून येतात. पिवळे, बुळबुळीत पाणी फेकून द्यायचे, दाणे दोन-तीनदा धुवायचे आणि ओलेच पाट्यावर वाटायचे. मऊ, चिकट गोळा तयार होतो. त्याच्या पातळ भाकऱ्या थापून तव्यावर भाजायच्या. याच टॉर्टिया.

दुसरी कृती उत्तर इटलीतल्या शेतकऱ्याच्या घरातली. मक्याचे कोरडे दाणे दळून रवा काढायचा. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेले पाणी उकळायला ठेवायचे. त्यात हळूहळू रवा वैरायचा आणि लाकडी दांड्याने पाऊण तास घोटत राहायचे. मिश्रण घट्ट झाले की लाकडी फळीवर ओतायचे. थोडे निवले की दोऱ्याने कापून वड्या पाडायच्या. हा पोलेंटा.

दुसरी कृती सोपी आहे. चुना नाही, रात्रभर भिजवणे नाही, धुणे नाही, वाटणे नाही. कोणीही म्हणेल, तेच धान्य कमी कष्टात शिजले, चांगलेच झाले. पण या दोन कृतींमधल्या चिमूटभर चुन्याच्या फरकाला इतिहासात फार मोठी किंमत मोजावी लागली. तो हिशेब समजायला शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली.

चुना कोठून आला?

मका मूळचा दक्षिण मेक्सिकोतला. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून निवड करत करत तो घडवला. चुन्यात मका शिजवण्याचा सर्वांत जुना पुरावा ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळतो. तो इसवी सनापूर्वी १५०० ते १२०० च्या सुमाराचा आहे. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत अशा मक्याला जे नाव होते, त्यावरून आजचा 'निश्तामाल' हा शब्द आला. त्यातल्या 'नेश्तली'चा अर्थ राख. म्हणजे चुन्याबरोबर लाकडाची राखही वापरात होती. उत्तर अमेरिकेतील चेरोकी, होपी अशा अनेक जमाती राखच वापरत. रसायनशास्त्राच्या भाषेत दोन्ही अल्कलीच.

सुरुवात का झाली असावी, याचा अंदाज करता येतो. मक्याची साल जाड आणि चिवट असते. ती दगडी पाट्यावर वाटली जात नाही. अल्कलीच्या पाण्यात सालीतील हेमिसेल्युलोज हा सिमेंटासारखा काम करणारा पदार्थ विरघळतो आणि साल सुटते. शिवाय वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो. मक्यात गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे नुसत्या पिठाची पोळी लाटायला गेलो तर ती तुटते. आपण ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी करताना हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवतो. पीठ गरम पाण्यात मळतो किंवा उकड काढतो, म्हणजे पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो. मेक्सिकोच्या बायांनी ते काम चुना आणि उष्णता यांच्याकडून करून घेतले.

म्हणजे चुना घालणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने सांगितले असते, "साल निघते, भाकरी थापता येते, चव चांगली लागते." तिची तिन्ही उत्तरे बरोबर होती. पण चौथे एक उत्तर होते. ते तिलाही माहीत नव्हते आणि जगात कोणालाच माहीत नव्हते.

समुद्र ओलांडताना

१४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोचला आणि लवकरच मक्याचे बी स्पेनमध्ये आले. सोळाव्या शतकात मका उत्तर इटलीत पसरला. तेथे भरडधान्यांची घट्ट लापशी करण्याची जुनी पद्धत होतीच. बाजरीसारखी धान्ये, बकव्हीट, चेस्टनटचे पीठ यांच्या जागी मका आला. एकरी उत्पन्न गव्हापेक्षा जास्त, म्हणून जमीनदार खूश आणि पोट भरते म्हणून कूळही खूश.

बी जहाजातून आले, पण कृती आली नाही. ती स्वयंपाकघरात, बायकांच्या हातात होती आणि जहाजांतून परतणारे बहुतेक पुरुष होते. त्यांनी धान्य पाहिले, पाट्यापाशी बसलेल्या बाईचे काम पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. शिवाय युरोपात पाणचक्क्या आणि पवनचक्क्या होत्या. साल काढण्यासाठी चुन्याची गरज कोणाला वाटणार?

१७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका नव्या रोगाचे वर्णन लिहिले. गरीब शेतकऱ्यांच्या हातापायांवर आणि मानेभोवती लालसर, खरबरीत चट्टे उठत. स्थानिक लोक त्याला 'गुलाबाचा रोग' म्हणत. रोग्यांचे मुख्य अन्न मका आहे, मांस त्यांना क्वचितच मिळते, हे कासाल यांनी नोंदवले. मानेभोवतीच्या त्या चट्ट्यांना आजही वैद्यकात 'कासालचा हार' म्हणतात. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोली यांनी या रोगाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव ग्रंथात आणले : पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी. पुढे जुलाब लागत, मग भ्रम होई आणि अनेकदा मृत्यू येई. १७८६ मध्ये इटलीच्या प्रवासाला निघालेल्या गटे या जर्मन कवीनेही वाटेतल्या शेतकऱ्यांचे निस्तेज चेहरे पाहून मका आणि बकव्हीटच्या लापशीला दोष दिला होता. १८८१ च्या सुमारास इटलीत पेलाग्राचे एक लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. वेड्यांच्या इस्पितळांतील कितीतरी खाटा त्यांनीच भरलेल्या होत्या.

मका आणि पेलाग्रा यांचा संबंध आहे, हे तर दिसत होते. पण कोणता? इटलीतील चेझारे लोम्ब्रोसो यांचे मत, सडलेल्या मक्यात विष तयार होते. हे मत इतके मानले गेले की १९०२ मध्ये इटलीने कायदा करून खराब मक्याच्या विक्रीवर बंदी घातली. एक प्रश्न मात्र तसाच उरला. मका जर विषारी, तर हजारो वर्षे मक्यावरच जगणाऱ्या मेक्सिकोत हा रोग फारसा का आढळत नाही?

गोल्डबर्गर यांचे निरीक्षण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकाएकी दिसू लागला. १९०६ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीयांसाठीच्या मनोरुग्णालयात ८८ जणांना पेलाग्रा झाला आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे एक लाख मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे.

तेव्हा जंतुशास्त्राचे दिवस होते. क्षय, पटकी, घटसर्प यांचे जंतू सापडले होते. पेलाग्राचाही जंतू असणार, अशी बहुतेक डॉक्टरांची खात्री होती. १९१४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर पाठवले. ते लहानपणी आईवडिलांबरोबर युरोपातून आलेले, न्यूयॉर्कमध्ये वाढलेले आणि साथीच्या रोगांचा दांडगा अनुभव असलेले डॉक्टर होते.

त्यांनी अनाथालये आणि मनोरुग्णालये पाहिली. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रोग राहणाऱ्यांना होतो, पण त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. जंतू असा भेदभाव करील का? मग दोघांत फरक कशाचा? ताटाचा. रोग्यांच्या ताटात मक्याचे पदार्थ, काकवी आणि डुकराची चरबी असे. नोकरांना दूध, अंडी, मांस मिळे. गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतील अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय दाणे द्यायला सुरुवात केली. रोग जवळजवळ नाहीसा झाला.

हे पुरेसे नव्हते. १९१५ मध्ये मिसिसिपीतील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर त्यांनी उलटा प्रयोग केला. माफीच्या अटीवर पुढे आलेल्या निरोगी कैद्यांना काही महिने मका, पांढरे पीठ, तांदूळ, साखर असाच आहार दिला. ११ पैकी ६ जणांना पेलाग्राची लक्षणे दिसली. कैद्यांना सुटकेचे आमिष दाखवून आजारी पाडणे आज कोणत्याही नीतिनियमात बसणार नाही, हे विद्यार्थ्यांशी जरूर बोलावे.

तरीही विरोधक जंतूच्या बाजूनेच होते. १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची पत्नी मेरी आणि सहकारी यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. पुरुषांनी रोग्यांच्या खपल्या आणि विष्ठासुद्धा गोळ्यांत भरून गिळल्या. एकालाही पेलाग्रा झाला नाही. रोग संसर्गजन्य नाही हे सिद्ध करण्याचा यापेक्षा रोखठोक मार्ग कोणता असू शकेल?

दोन कोडी

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. आहारातला कोणता घटक कमी पडतो, हे त्यांना शेवटपर्यंत सापडले नाही. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हिएम यांनी कुत्र्यांमधील तशाच रोगावर निकोटिनिक आम्ल गुणकारी ठरते, हे दाखवले आणि लवकरच ते माणसांवरही लागू पडले. हेच आपले नायासिन, 'ब' गटातील एक जीवनसत्त्व.

उत्तर मिळाले खरे, पण त्यातून दोन नवी कोडी निघाली. एक : दुधात नायासिन अगदी थोडे असते, तरी दूध पिणाऱ्यांना पेलाग्रा होत नाही. दोन : मक्यातील नायासिन रासायनिक मोजणीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा काही कमी नाही. तरी भात खाणाऱ्यांना पेलाग्रा होत नाही आणि मका खाणाऱ्यांना होतो.

पहिले कोडे १९४५ मध्ये सुटले. आपले शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायासिन बनवू शकते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम नायासिन मिळते. दुधाच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन भरपूर असते. मक्याचे मुख्य प्रथिन झाईन मात्र या बाबतीत अगदी दरिद्री आहे.

दुसऱ्या कोड्याने आपण पुन्हा चुन्यापाशी येतो. मक्यातील बहुतेक नायासिन मोठ्या रेणूंशी जखडलेले असते. आतड्यातले पाचक रस ते सोडवू शकत नाहीत. म्हणजे कुलूप लावलेल्या पेटीत पैसे असूनही घरात उपासमार, अशी अवस्था. अल्कलीमध्ये शिजवले की हे बंध तुटतात आणि नायासिन मोकळे होते. १९५१ मध्ये होसे लागुना आणि केनेथ कार्पेंटर यांनी नायासिन कमी असलेल्या आहारावर उंदीर वाढवले. कच्च्या मक्यावरच्या उंदरांपेक्षा चुन्यात शिजवलेल्या मक्यावरचे उंदीर चांगले वाढले.

मेक्सिकोतल्या बाईचे चौथे उत्तर ते हेच. चुन्यामुळे टॉर्टियात कॅल्शियमही वाढते आणि बुरशीमुळे मक्यात येणारी काही विषेही कमी होतात. तिने साल काढण्यासाठी केलेली कृती तिच्या मुलांचे प्राणही वाचवत होती.

सगळे श्रेय चुन्याला नाही

येथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल आणि थोडी खोटीही. मेक्सिकोतला शेतकरी मक्याबरोबर त्याच शेतात घेवडा आणि भोपळा लावत असे. टॉर्टियाबरोबर घेवड्याची उसळ खाल्ली जाई. मक्यात जे कमी, त्यातले बरेचसे घेवड्यात असते. उलट इटलीतही पोलेंटा खाणाऱ्या प्रत्येकाला पेलाग्रा झाला नाही. ज्यांच्या फळीवर पोलेंट्याबरोबर चीज, मांस, भाजी होती ते ठणठणीत होते. ज्यांना सकाळ-संध्याकाळ पोलेंटाच मिळे, ते आजारी पडले.

गोल्डबर्गर यांनाही हे दिसले होते. १९१६ पासून त्यांनी एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर दक्षिण कॅरोलिनातील सूतगिरण्यांच्या सात गावांत घरोघर पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न जसे कमी, तसा पेलाग्रा जास्त. सगळ्या जमिनीवर कापूस लावला जाई. भाजीपाल्याला आणि गाईला जागा नव्हती. त्यातच १९०० च्या सुमारास मक्याचा अंकुर काढून टाकणाऱ्या नव्या गिरण्या आल्या. पीठ जास्त टिकू लागले, पण अंकुरातील पोषण गेले. रोगाचे मूळ ताटात होते आणि ताटाचे मूळ मजुरीत होते. गोल्डबर्गर यांचे हे म्हणणे दक्षिणेतील अनेक पुढाऱ्यांना रुचले नाही. जंतू सापडला असता, तर कोणालाच आपली मजुरी वाढवावी लागली नसती.

हे सगळे जुने झाले, असेही नाही. १९९० मध्ये मलावी देशात मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पेलाग्राचे सुमारे १८ हजार रुग्ण आढळले. मदत म्हणून मुख्यतः मका मिळत होता आणि त्याबरोबर येणारे शेंगदाणे बंद पडले होते. नायासिनचा शोध लागून तेव्हा ५३ वर्षे झाली होती.

आपल्या ज्वारीचे काय?

दख्खनमध्ये पेलाग्रा आढळला तो ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी याकडे लक्ष वेधले. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. मग रोग का व्हावा? ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जास्तीमुळे शरीरात नायासिन बनण्याचे काम बिघडत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली आणि सगळ्यांनी तो मान्य केला असे नाही. पण एक गोष्ट निर्विवाद राहिली. हा रोग ज्वारीचा नसून नुसत्या ज्वारीचा आहे. भाकरीबरोबर पिठले, डाळ, ताक असेल तर पेलाग्राला जागा नाही. शेंगदाण्याच्या चटणीत तर नायासिन भरपूर असते. पंजाबात मक्याच्या रोटीला कोणी चुना लावत नाही, पण तिच्याबरोबर पालेभाजी आणि लस्सी असते. जेवण म्हणजे एक पदार्थ नव्हे, पदार्थांची सोबत असते. ती सोबत परवडणे हा मात्र पाककृतीचा नाही, मिळकतीचा प्रश्न आहे.

वर्गात करून पाहा

या इतिहासातील एक पाऊल शाळेत सहज तपासता येते. मक्याचे वाळलेले, पूर्ण पक्व दाणे घ्या. कोवळे कणीस किंवा लाह्यांचा मका नको. स्टीलच्या दोन भांड्यांत पन्नास-पन्नास दाणे आणि पाणी घ्या. एका भांड्यात पानाला लावायचा थोडा चुना कालवा. अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका, चुना त्याला खातो. दोन्ही पाऊण तास मंद आचेवर ठेवा आणि रात्रभर झाकून ठेवा. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तो शिक्षकांनीच हाताळावा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भांड्यांतील पाण्यात चिमूटभर हळद टाका. कुठे लाल होते? कुंकवाचा रंग असाच येतो, हे मुलांना आठवेल. मग दाणे भरपूर पाण्याने धुऊन बोटांनी चोळा. किती दाण्यांची साल निघाली, ते दोन्हींसाठी मोजा. शेवटी दोन्ही दाणे वाटून भाकरी थापायचा प्रयत्न करा. सालीचा आणि चिकटपणाचा फरक डोळ्यांना दिसेल. नायासिनचा दिसणार नाही. न दिसणारा फरक कसा शोधायचा, असे विचारले की गोल्डबर्गर यांचे काम मुलांना आपोआप समजू लागते.

त्यानंतर मुलांना घरातील एखादी कृती पायरीपायरीने लिहून आणायला सांगावे. कुरडईसाठी गहू तीन दिवस का भिजवतात? नाचणीला मोड का आणतात? प्रत्येक पायरीपुढे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेले कारण लिहावे आणि ती गाळली तर काय होईल, याचा अंदाज करावा. काही पायऱ्यांमागे काहीच निघणार नाही, त्या नुसत्या सवयी असतील. जुने म्हणून सगळे शास्त्रीय, असे मानायचे कारण नाही. पण कारण सांगता येत नाही म्हणून पायरी निरुपयोगी, असेही मानू नये. दोन्ही वेळा उत्तर एकच : तपासून पाहावे. युरोपात मका नेणाऱ्यांनी ते पाहिले नाही. त्याची किंमत त्यांनी नव्हे, पोलेंट्याशिवाय ज्यांच्या घरी दुसरे काही नव्हते, त्या कुळांनी भरली.